मशीनवाल्या बाईंचे मालक

मॅट्रिक झाल्यावर अमरावतीच्या एका शिवणमशीनच्या दुकानात मी पावत्या फाडायला लागले, साठ सालाच्या आगेमागे. त्या काळी घरात मशीन येणं म्हणजे जवळजवळ सून येण्यासारखं होतं आणि सुनेसारखीच चार दिवसांत तिच्याबद्दल कुरकुर सुरू व्हायची. धागा तुटतो, टाका सुटतो, चालवायला जड जाते, शेजारणीची बघा कशी लोण्यासारखी चालते. ही कुरकुर ऐकून घ्यायला दुकानानं एक बाई ठेवल्या होत्या. नवी मशीन घरी पोचली की ती बसवून द्यायची, घरातल्या बायकांना शिकवायचं आणि पुढं जी काही तक्रार येईल ती त्यांच्या घरी जाऊन निस्तरायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मशीनवाल्या बाई म्हणत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. सावळ्या, उंच, आणि चालताना कुणाची वाट न बघणाऱ्या.

नव्या घरी एकट्या बाईमाणसानं जायचं नाही असा दुकानाचा नियम होता. म्हणून पहिल्या खेपेला मी बरोबर असायची. पावती माझी, काम त्यांचं. माझं तोंड लहानपणापासून फटकळ, आणि त्या तर कामापुरतंच बोलायच्या. पहिले काही महिने मला वाटायचं, बाई आतल्या गाठीच्या आहेत.

त्यांची तक्रार ऐकायची तऱ्हा मात्र मला आवडायची. त्या मशीनकडे बघायच्याच नाहीत. "तुमी नेहमी शिवता तसं शिवा, मी बसते अथी," असं म्हणून खाली फरशीवर बसायच्या आणि शिवणारीचे पाय बघायच्या. नवशिकीचा पाय उलटा पडला की चाक मागं फिरतं आणि धागा तुटतो. निम्म्या तक्रारी त्यातल्याच असायच्या. पण "तुमचं चुकलं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. "नवी हाये ना मशीन. तिले तुमच्या पायाची सवय होऊ द्या," एवढंच म्हणायच्या आणि मग त्या बाईच्या पावलावर आपला हात ठेवून हळूहळू लय धरून द्यायच्या.

धागा एकदा नीट चालू लागला की खऱ्या तक्रारी बाहेर पडायच्या. सासू अशी, जाऊ तशी, आणि नवऱ्याबद्दल तर विचारूच नका. कुणाचा नवरा ताटावरून उठून जायचा, कुणाचा बारा महिने तेरा काळ बहिणींनाच लुगडी घ्यायचा. बाई मान हलवत सगळं ऐकायच्या. मी मध्येच तोंड घालायची, सल्ले द्यायची. लग्नाचा पत्ता नव्हता, पण सल्ले द्यायला काय जातं! बाई मात्र ऐकायच्या तेवढ्या. त्यांच्या स्वतःच्या घरचं एक वाक्यही कधी निघायचं नाही.

जात मला ठाऊक झाली होती. आमच्या वऱ्हाडात आडनाव विचारल्याशिवाय माणसाच्या घशाखाली पाणी उतरत नाही, आणि मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "आमी बौद्ध आहो," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवत राहिल्या. मॅनेजरसाहेबांनाही माहीत होतं. साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. मिशनच्या शिवणवर्गात बाईंचं काम बघून त्यांनीच त्यांना आणलं होतं. फक्त एक सांगून ठेवलं होतं, की गिऱ्हाइकाच्या घरी नुसतं 'बाई' म्हणायचं, आडनावाचा उल्लेख नको. हा आपला मोठा उदारपणा आहे असं साहेबांना मनापासून वाटायचं.

आता मूळ गोष्ट. साहेबांनी दुकानाची एक पद्धत पाडली होती. मशीनबरोबर हळदकुंकवाची पुडी, नारळ आणि एक खण जायचा. दुकानाच्या माणसानं मशीनला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि त्या खणावर पहिली शिवण घालून द्यायची. "बाकीचे नुसतं लोखंड विकतात, आपण लक्ष्मी पोचवतो," असं साहेब म्हणायचे. लोकांनाही ते फार आवडायचं. पूर्वी एक म्हातारे मास्तर हे सगळं साग्रसंगीत करायचे. ते गावी निघून गेले आणि बाई आल्या.

बाईंनी मशीनला कधीही कुंकू लावलं नाही. "पयला मान घरच्या लक्ष्मीचा," असं म्हणून त्या ताट घरच्या बाईच्या हातात द्यायच्या आणि स्वतः शिवणीचं तेवढं बघायच्या. बायका खूश व्हायच्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

राजापेठेत एक मोठं घर होतं. काळ्या मातीची भरपूर जमीन, दारात बैलगाडी आणि मोटार दोन्ही. त्या घरातल्या कर्त्या बाईंना सगळी पेठ मामी म्हणायची. हात सढळ, जीभ गोड आणि डोळे कायम भरायला टेकलेले. वैशाखातल्या एका दुपारी मामींची मशीन घेऊन आम्ही निघालो. पुढं हातगाडी, मागं आम्ही दोघी. ऊन असं की बाईंच्या कपाळावरचं कुंकू घामानं वाहून गेलं आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं तेव्हा उरलंसुरलं पदराला लागलं. गळ्यातली काळी पोत औषधपाण्यात गेली होती, नुसता दोरा होता, तोही पदराखाली. हे मला नंतर कळलं.

मामींनी ताट तयारच ठेवलं होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे मानाचं सांगितलं. पण मामी ऐकेनात.

"नाई नाई, तुमीच लावा. कंपनीची रीतच हाये म्हने. तुमच्या हातानं होऊ द्या."

"तुमच्या घरची लक्ष्मी हाये मामी. तुमच्या हातचं शोभन."

"घ्या बाई, काहून लाजता?" म्हणत मामींनी ताट थेट त्यांच्या हाताशी नेलं, आणि बाईंनी हात मागं घेतला. चटका बसल्यासारखा नाही, सावकाश, पण स्पष्ट मागं घेतला.

मामींनी त्या हाताकडे बघितलं. मग कपाळाकडे, मग गळ्याकडे. ताट खाली ठेवलं आणि "व माय!" म्हणून त्यांनी बाईंना कवेत घेतलं. "मले काय मालूम वो! एवढ्या कमी उमरीत! अन् मी पापीण कुंकवाचं ताट पुढं करून राहिली!"

बाईंना क्षणभर काही उमगेना. उमगलं तेव्हा म्हणाल्या, "मामी, तसं नाई..."

"बोलू नोको. काई बोलू नोको." मामींनी त्यांचं तोंड आपल्या खांद्याशी दाबून धरलं आणि स्वतः रडू लागल्या. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. मग मामींनी मशीनला स्वतःच कुंकू लावलं, आम्हाला मधल्या घरात नेऊन बसवलं आणि घरातल्या कपबशीत चहा दिला. मी बाईंच्या हातातल्या कपाकडे बघत होते. बाईही त्याच्याचकडे बघत होत्या.

परतताना मी विचारलं, "मामी असं काहून म्हनल्या? तुमचे मालक..."

"हायेत. अकोल्याले. जिनिंगमंदी होते कामाले. कापसाच्या धुळीनं छाती धरली." थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या जाऊन सांगीन मामीले."

पण दुसऱ्या दिवशी मामीच दुकानात आल्या आणि साहेबांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. जाताना बाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. साहेबांनी बाईंना टेबलाशी बोलावलं. माझं टेबल त्याला लागूनच, त्यामुळं ऐकू येत होतंच, आणि नसतं आलं तरी मी ऐकलं असतं.

"बाई, तुम्ही मशीनला कुंकू लावत नाही म्हणे?"

"नाई लावत."

"एका बोटाचं कुंकू. त्यानं काय बिघडतं? मशीन म्हणजे काही देव नव्हे."

"तुमीच त्याले देव करून राहिले साहेब, म्हून तर लावत नाई. नागपूरले हजारो लोकाइच्या संगं हात जोडून मोठ्यानं म्हनलं, का आता हे करनार नाई. मालक बाजूले उभे होते माह्या. मनातल्या मनात म्हनलं असतं तं गोष्ट येगळी होती."

साहेब आवाज उतरवून म्हणाले, "ठीक आहे. नका लावू. पण मग लोक कारण विचारणार. खरं कारण सांगितलं तर उद्यापासून निम्मी घरं तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, आणि मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मामींनी आपणहूनच एक कारण काढलंय. राहू द्या तेच."

"माहा नवरा जिता हाये साहेब."

"आहे, आणि त्याला उदंड आयुष्य लाभो. पण तो अकोल्याला आहे. इथं कोण बघतंय?"

बाई टेबलावरच्या रिकाम्या रिळाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढं दुसरी नोकरी नव्हती. अकोल्याच्या त्या माणसाचं औषध याच नोकरीवर चाललं होतं. शेवटी म्हणाल्या, "नवरा मेला, हे माह्या तोंडून निघनार नाई. तुमाले सांगाचं ते तुमी सांगा."

"मी सांगेन. तुम्ही फक्त, म्हणजे, कपाळ तेवढं..."

दुसऱ्या दिवशी बाई कोऱ्या कपाळानं कामावर आल्या. साहेबांचा मला तेव्हा भयंकर राग आला, आजही येतो. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं हो, पण इतक्या समजूतदारपणे एखाद्याचा जिता माणूस मारून टाकणाऱ्याशी कसं भांडायचं?

साहेबांची युक्ती मात्र फळली. नव्या गिऱ्हाइकाला ते हळूच कानात सांगायचे, आणि आम्ही घरी पोचायच्या आत तिथल्या बायकांचे चेहरे मऊ झालेले असायचे. हळदकुंकवाचं ताट परस्पर उरकलेलं असायचं. बाईंना आत बसवायचे, जेवूनच जा म्हणायचे. सणाला कुणी फिकी लुगडी द्यायचं. नाही म्हणता यायचं नाही, म्हणून बाई ती घ्यायच्या आणि वस्तीतल्या खऱ्या विधवांना देऊन टाकायच्या. एका घरातून तर एक आई आपल्या विधवा मुलीला घेऊन आली. विशीही न गाठलेली पोर, मान वर करत नव्हती. "या बाईकडे पाह्य," आई तिला म्हणाली, "इच्यावरबी तोच घाला आला, पन कशी पायावर उभी हाये." त्या मुलीला बाईंनी जीव ओतून शिकवलं, पण ती आली की त्या तिच्या नजरेला नजर देत नसत.

पूर्वी बाई घरचं बोलत नव्हत्या तो त्यांचा स्वभाव होता. आता बोलायची सोयच उरली नव्हती. चार बायका नवऱ्यांच्या कागाळ्या करत बसल्या की एखादी एकदम जीभ चावायची आणि म्हणायची, "जाऊ द्या वो, बाईसमोर नोको." लगेच दुसरा विषय निघायचा. बाई मशीनला तेल घालत राहायच्या.

रविवारी त्या अकोल्याला जायच्या. एकदा मी मागं लागून बरोबर गेले. बदनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मूर्तिजापूर गेलं, डबा जरा रिकामा झाला, तशी बाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि खिडकीच्या काचेत बघून कपाळावर टिळा टेकवला. हात सराईत होता.

"येताना?" मी विचारलं.

"येताना पुसते."

"अन् त्याइले मालूम हाये, तथी काय चालू हाये ते?"

"नाई." त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. "नोकरी गेली तं दुसरी पाहीन, नाई तं मजुरीले जाईन. पन त्याइच्या कानावर हे गेलं तं मी काय करू, हे मले समजत नाई. आदीच माणूस मरनाले भेऊन राहिला. त्याले कसं सांगू, का तुही बायको तुले आदीच मारून पोट भरून राहिली?"

मी पिशवीतल्या शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

अकोल्यात स्टेशनापलीकडच्या वस्तीत त्यांची खोली होती. शेजारी दीर-जाऊ. बाईंचे मालक दारातच बसले होते. उंचापुरा माणूस, पण अंगावर नुसती हाडं, आणि त्या हाडांत चेष्टेखोरपणा ठासून भरलेला. मला बघताच म्हणाले, "या! तुमीच का पावत्यावाल्या बाई? आमची बाई सांगते, लय बोलता म्हने." मी म्हटलं, लय नाही, थोडंच बोलते. "थोडं म्हनता म्हनता दोन वाक्यं झाले," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. बाईंनी पाणी दिलं आणि पाठ चोळत राहिल्या. इथं त्या वेगळ्याच बाई होत्या. नवऱ्यावर खेकसत होत्या, बिडी लपवली म्हणून भांडत होत्या, भाकरी थापता थापता जावेला हाक मारून त्याच्या तक्रारी सांगत होत्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

जेवताना मालकांनी मला विचारलं, "तथी मोठमोठ्या घरच्या बाया हिले मानतात म्हने. माहं नाव काढते का कधी तथी, का इसरली?"

बाईंचा भाकरीवरचा हात थांबला.

"काढतात ना," मी म्हटलं. "तुमी लय छळता म्हनतात."

ते इतके खूश झाले की त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मागून घेतला. "जरा ताकद येऊ दे," म्हणाले, "एक डाव येऊन पाहातोच तुमचं दुकान."

ताकद आली, हेच आश्चर्य. पुढच्या सालच्या पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला उतरला, अंगावर थोडं मांस चढलं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं त्यांनी ठरवलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी ते बदनेरा स्टेशनवर बाईंची वाट बघणार आणि तिथून दोघं गाडी धरणार, असा बेत होता. सुटी मागताना बाईंनी साहेबांना हे सांगितलं होतं.

खंडेनवमीला आमच्या दुकानात मशीनची मोठी पूजा असायची. सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, दारात रांगोळी, आणि गिऱ्हाइकांच्या घरच्या बायकांना हळदकुंकवाचं बोलावणं. त्या दिवशी बाई मागच्या खोलीत तेलाच्या बाटल्या भरत बसायच्या. त्या बाहेर का येत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे साहेबांनी सांगितलेलं माहीत होतं. दुकान गच्च भरलं होतं. मामी पुढच्या खुर्चीवर होत्या. आणि दाराच्या पायरीवर पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, हातात उपरण्यात बांधलेली सीताफळं, असे बाईंचे मालक येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता.

"मशीनवाल्या बाई अथीच असतात ना?"

"अथीच हायेत," मामी वळून म्हणाल्या. "तुमी कोन?"

त्यांनी तोंड उघडायच्या आत साहेब लगबगीनं पुढं झाले. "या, या! हे बाईंचे भाऊ. अकोल्याचे."

मागच्या खोलीच्या दारात बाई आल्या होत्या. हाताला तेल, कपाळ कोरं. मालकांनी साहेबांच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं. हे कपाळ त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. हळदकुंकवाच्या बायका, माळा घातलेल्या मशीन, मागं एकटी उभी असलेली बायको. त्यांना काय समजलं आणि किती, मी सांगू शकत नाही. पण नोकरी आपल्या एका शब्दावर आहे, एवढं त्या माणसाला नक्की समजलं.

"हो जी," ते म्हणाले. "भाऊ हाये मी बाईचा. सीताफयं द्याले आलतो." आणि गाठोडं पायरीवर ठेवून ते वळू लागले.

"थांबा ना भाऊ," मामी कळवळून म्हणाल्या. "तुमच्यासारखा भाऊ पाठीशी हाये म्हून निभलं तिचं. नाई तं नवऱ्यामागं बाईले कोन हाये?"

बाई बायकांमधून वाट काढत पुढं आल्या. तेलाचे हात त्यांनी लुगड्याला पुसलेही नाहीत.

"हे भाऊ नाईत मामी. हे माहे मालक."

मामी आधी बाईंकडे, मग त्या माणसाकडे आणि मग साहेबांकडे बघू लागल्या. साहेब एका मशीनवरची माळ सरळ करत होते.

"मालक? तुहे मालक तं... मंग त्या दिशी कुंकवाले हात काहून नाई लावला?"

"आमी बौद्ध आहो. पूजापत्री सोडली आमी. त्या दिशी तुमी मले बोलू दिलं नाई, अन् मंग मी बोलली नाई. पन हे जिते हायेत. माह्या डोयापुढं हे माहे भाऊ झाले, ते मले झेपलं नाई."

मामी उठल्या. "तुले मी माह्या मधल्या घरात बसोलं," त्या म्हणाल्या. आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या. "रडली मी तुह्यासाठी." यातलं त्यांना जास्त कशानं लागलं होतं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यांच्यामागून एकेक करत बाकीच्या बायकाही गेल्या. हळदकुंकू अर्धंच राहिलं.

मालक अजून पायरीशीच उभे होते. "काहून बोलली?" ते हळूच म्हणाले. "मी म्हनलं होतं ना भाऊ म्हून. निभलं असतं."

"माहं निभलं असतं," बाई म्हणाल्या. "तुमचं काय?"

दोघं तिथूनच बदनेऱ्याला निघाले. जाताना मालक मला म्हणाले, सीताफळं तुम्ही न्या. मी ती घरी नेली. आईनं विचारलं कुणी दिली, आणि मी सांगितलं, बाईंच्या मालकांनी.

साहेबांनी बाईंना काढलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण तक्रारी येऊ लागल्या त्या अशा, की मशीन बिघडली आहे, दुसरं कुणी पाठवा. त्या विधवा मुलीची आई तेवढी मुलीला दुकानात पाठवत राहिली. घरी मात्र तिनं बाईंना बोलावलं नाही. दिवाळीच्या सुमाराला बाई स्वतःच साहेबांना सांगून अकोल्याला गेल्या. त्यांनी आपल्या वस्तीतच शिवणवर्ग काढला. मला दुकानात करमेनासं झालं होतं. पुढच्याच साली माझं लग्न झालं आणि मी मूर्तिजापूरला आले.

मूर्तिजापूरहून अकोला गाडीनं तासाभरावर. मी सवड काढून जायची. बाईंच्या कपाळावर आता रोज कुंकू असायचं, आणि मालक बाहेरून आले की दारातूनच ओरडायचे, "बाई, तुमचा भाऊ आला वो!" बाई हातात असेल ते त्यांच्या अंगावर भिरकवायच्या. एकदा कात्रीच होती, नशिबानं ती भिंतीला लागली. नवरा-बायकोचं हे असं चाललेलं, आणि वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मालकांना आणखी काही वर्षं मिळाली. मग छातीनं पुन्हा धरलं, आणि या वेळी सोडलं नाही.

निरोप कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी गेले. खोलीत, ओट्यावर, गल्लीत माणसं बसली होती. जिनिंगमधले जुने सोबती, पातूरकडचे नातेवाईक, वर्गातल्या पोरी आणि त्यांच्या आया. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हाताला धरून जवळ बसवलं. मला वाटलं आता रडतील. रडून झालं असावं. त्या बोलू लागल्या.

"लय तरास दिला पाह्य या माणसानं. चहात साखर कमी पडली का तोंड फिरवून बसे. बिड्या तं कुठं कुठं लपवे, दाळीच्या डब्यात सापडल्या मले. अन् घोरणं! शेजारचे भिंत ठोकत. लुगडं आनाले सांगतलं तं असं आने, का पोतं बरं. दवाई घे म्हनलं का म्हने, उद्या. हरेक गोष्टीले उद्या."

असं किती तरी. थट्टा, भांडणं, नागपूरला जाताना डब्यात त्यांनी केलेला तमाशा, आजारपणातला हट्ट. एकातून दुसरी तक्रार निघत होती आणि बाई थांबत नव्हत्या. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईला ते बरं दिसेना. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या कागाळ्या कायले करता वो? पाप लागते."

"करू द्या मले," बाई म्हणाल्या. "अमरावतीले दोन सालं सगळ्या बाया आपापल्या नवऱ्याच्या कागाळ्या करत, अन् मी तोंड मिटून बसे. मले नवरा असून नव्हता."

मग त्यांना कुणी अडवलं नाही. जावेनं चहा आणला. म्हातारीनं पुढं सरकून विचारलं, "अन् जेवाले कसा होता? चिकित्सा करे का?" "करे म्हंजे काय!" बाई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. आम्ही सगळ्या ऐकत बसलो.